जागतिकीकरण आणि कामगार: अवघड इंग्रजी उतारा कसा उलगडायचा

मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना इंग्रजी उताऱ्यांतला कुठला विषय सर्वांत जड जातो, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून सांगेन: ग्लोबलायझेशन अँड लेबर. विज्ञानाच्या उताऱ्यात अनोळखी शब्दांचा पाऊस असतो, तरी तो सुटतो. इथे मात्र कॅपिटल, लेबर, मार्केट, फर्म हे सगळे शब्द रोजच्या वर्तमानपत्रातले, आणि तरीही चार ओळी वाचून हाती काही लागत नाही. नेटचा पहिला पेपर असो, एम. ए. किंवा कायद्याची प्रवेश परीक्षा असो, हा विषय फिरून फिरून येतो. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेतल्या सक्तीच्या इंग्रजी पेपरचं तर विचारू नका. ३०० गुणांपैकी २५ टक्के मिळाले की झालं, पण ते हुकले तर बाकीच्या पेपरांचे गुण धरतच नाहीत.

मी स्वतः मराठी माध्यमातून अर्थशास्त्राच्या एम. ए. ला आले आणि आता संध्याकाळी एका अभ्यासिकेत उतारे घेते. तिथे पुन्हा पुन्हा दिसतं ते असं, की मुलं शब्दांवर अडतच नाहीत. बोलतंय कोण आणि करतंय कोण, हे या विषयावरचं विद्वानांचं इंग्रजी झाकून ठेवतं, आणि मुलं अडतात ती तिथे. खालच्या सगळ्या पायऱ्या ते झाकण काढण्यासाठी आहेत.

सोबत काय हवं

- उताऱ्याची छापील प्रत. मोबाइलवर वाचलं की डोळे पुढे पळतात आणि खुणा करता येत नाहीत.
- शिसपेन्सिल आणि एक वही.
- शिकणाऱ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. इंग्रजी-मराठीही जवळ असू द्या, पण तो नंतर उघडायचा.
- एनसीईआरटीच्या दहावीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकातलं जागतिकीकरणावरचं प्रकरण. इंग्रजी आणि हिंदीत फुकट मिळतं. दहावीचं म्हणून नाक मुरडू नका.
- जगाचा नकाशा. मेक्सिको अमेरिकेच्या अंगणाला लागून आहे, हे डोळ्यांना दिसलं पाहिजे.

सरावासाठी मी अभ्यासिकेत वापरते तो चार वाक्यांचा उतारा देते. मीच रचलाय, पण धाटणी परीक्षेतलीच आहे. देवनागरीत मुद्दाम दिलाय. मोठ्याने वाचा, म्हणजे कुठे थांबायचं ते जिभेला कळेल.

"द ग्रोइंग मोबिलिटी ऑफ कॅपिटल हॅज, इट इज ऑफन क्लेम्ड, वीकन्ड द बार्गेनिंग पॉवर ऑफ लेबर एव्हरीव्हेअर. फर्म्स नीड नॉट ॲक्च्युअली रीलोकेट; द थ्रेट अलोन मे सफाइस टू डिसिप्लिन वेज डिमांड्स. येट टू ट्रीट लेबर ॲज अ युनिफॉर्म व्हिक्टिम इज टू ओव्हरलुक दोज फॉर हूम द एक्स्पोर्ट फॅक्टरी, हाउएव्हर हार्श, रिप्रेझेंटेड ॲन एस्केप फ्रॉम समथिंग वर्स. व्हॉट इज ॲट इश्यू, देन, इज नॉट व्हेदर ग्लोबलायझेशन हर्ट्स वर्कर्स बट विच वर्कर्स, व्हेअर, अँड अंडर व्हॉट रूल्स."

१. पहिल्या वाचनात शब्दकोश बंद

फक्त वळणाच्या शब्दांना गोल करा: येट, बट, हाउएव्हर, देन, नॉट. वरच्या उताऱ्यात 'येट' तिसऱ्या वाक्याच्या तोंडाशी आहे. म्हणजे पहिली दोन वाक्यं एका बाजूची, पुढची दुसऱ्या बाजूची. अर्थ कळायच्या आधीच उताऱ्याचा आराखडा हातात आला. एक सावधगिरी घ्या: स्वल्पविरामांत अडकलेलं 'हाउएव्हर हार्श' हे वळण नव्हे. तिथे अर्थ 'कितीही खडतर असली तरी' एवढाच.

२. मुख्य क्रियापद शोधा, मग 'ज'ला 'त' जोडा

मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आपण वाक्य संपेपर्यंत धीर धरतो. इंग्रजीत क्रियापद लवकर येतं आणि मागून शेपूट वाढत जातं. त्या शेपटात माणूस हरवतो. म्हणून आधी सांगाडा काढा. तिसऱ्या वाक्याचा सांगाडा एवढाच: टू ट्रीट इज टू ओव्हरलुक. अमुक मानणं म्हणजे तमुक नजरेआड करणं.

मग हू, हूम, विच दिसेल तिथे आपली जो-तो रचना लावा. 'दोज फॉर हूम' म्हणजे 'ज्यांच्यासाठी... त्यांना'. पूर्ण वाक्य असं बसतं: "ज्यांच्यासाठी निर्यातीचा कारखाना, कितीही खडतर असला तरी, त्याहून वाईट परिस्थितीतून सुटका होता, त्यांना नजरेआड केल्याशिवाय सगळ्या कामगारांना सरसकट बळी ठरवता येत नाही." ज आणि त शाळेपासून आपल्या तोंडात बसलेले आहेत. ते वापरत नाही म्हणून इंग्रजीतली लांब वाक्यं डोक्यावरून जातात.

३. नामाचं क्रियापद करा आणि विचारा: कोण?

'मोबिलिटी ऑफ कॅपिटल' हे नाम आहे. नामाला कर्ता लागत नाही, म्हणून लिहिणाऱ्याला सोयीचं. तुम्ही ते मोडा. पैसा हलतो. कोण हलवतं? ज्याच्याकडे आहे तो: कंपनी, बँक, गुंतवणूकदार. 'बार्गेनिंग पॉवर ऑफ लेबर' म्हणजे मालकाशी घासाघीस करायची कामगारांची ताकद. 'डिसिप्लिन वेज डिमांड्स' म्हणजे पगारवाढ मागणाऱ्यांना गप्प बसवणं. इथे 'शिस्त' असा अर्थ घेतलात तर वाक्य वर्गातल्या मुलांवर जाईल.

वहीत दोन रकाने आखा, 'कोण' आणि 'काय करतं'. प्रत्येक वाक्याची एक ओळ. 'कोण'चा रकाना रिकामा राहिला तर ते वाक्य अजून कळलेलं नाही, पुढे जाऊ नका.

४. 'म्हणे' कुठे लागतो ते बघा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. पहिल्या वाक्यात 'इट इज ऑफन क्लेम्ड' आहे. आपण मराठीत हेच 'म्हणे' या एका शब्दात उरकतो: भांडवल इकडून तिकडे पळायला लागल्यापासून सगळीकडच्या कामगारांची ताकद घटली म्हणे. ज्याने 'म्हणे' लावला, त्याने जबाबदारी अंगावरून झटकली. हे दुसऱ्यांचं मत आहे, लेखिकेचं नाही, आणि पुढे ती त्यावर काहीतरी बोलणार हे आलंच.

दुसऱ्या वाक्यात अशी खूण नाही. तरी ते त्याच मताचा विस्तार आहे. 'म्हणे'ची सावली 'येट' येईपर्यंत पुढे पसरते. शिवाय त्यात 'मे' आहे. नुसती धमकी पुरेशी ठरू शकते, ठरतेच असं नाही. सजेस्ट्स, अर्ग्युएबली, टेंड्स टू, परपोर्टेड हे सगळे याच कुळातले. पेन्सिलीने अशा प्रत्येक शब्दाखाली नागमोडी रेघ ओढा.

मोबाइलवर भाषांतर करून वाचणाऱ्यांना एक विनंती. यंत्राचं भाषांतर ढोबळ अर्थ बऱ्यापैकी देतं, पण हे 'म्हणे' आणि 'कदाचित' त्यात निसटले तर तुम्हाला पत्ता लागत नाही. परीक्षक नेमका त्यावरच प्रश्न काढतो.

५. मागची भांडणं माहीत करून घ्या

उतारा म्हणजे चालू भांडणातला एक संवाद. आधी काय झालं ते माहीत नसेल तर प्रत्येक वाक्य हवेत राहतं. सुदैवाने या विषयातली मूळ भांडणं थोडीच आहेत.

पहिलं भांडण १८१७ पासूनचं. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रिकार्डोने इंग्लंड आणि पोर्तुगालचा हिशेब मांडला. ठरावीक कापड करायला इंग्लंडमध्ये वर्षभर १०० माणसं लागतात, ठरावीक वाइन करायला १२०. पोर्तुगालमध्ये त्याच कापडाला ९० आणि वाइनला ८०. पोर्तुगाल दोन्हींत सरस. तरीही पोर्तुगालने वाइन करावी, इंग्लंडने कापड, आणि अदलाबदल करावी. इंग्लंडला वाइन १२० ऐवजी १०० माणसांच्या कामात पडते, पोर्तुगालला कापड ९० ऐवजी ८० च्या. उताऱ्यात 'कम्पॅरेटिव्ह ॲडव्हांटेज' आलं की हा हिशेब आठवा. पण त्यात एक अट दडलेली आहे, आणि ती रिकार्डोनेच बोलून दाखवली होती: इंग्लंडचा भांडवलदार पैसा उचलून पोर्तुगालला जात नाही. तो गेला तर कापड आणि वाइन दोन्ही तिकडेच होतील आणि इंग्लंडचा विणकर घरी बसेल. म्हणून 'मोबिलिटी ऑफ कॅपिटल' हे शब्द दिसले की समजा, लेखक रिकार्डोच्या त्या अटीवर बोट ठेवतोय.

दुसरं भांडण धमकीचं. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोचा नाफ्टा हा मुक्त व्यापार करार १ जानेवारी १९९४ ला लागू झाला. त्या दशकात कॉर्नेल विद्यापीठातल्या केट ब्रॉनफेनब्रेनर यांनी अमेरिकेतल्या कारखान्यांत युनियन उभी करायच्या मोहिमा तपासल्या. साधारण निम्म्या ठिकाणी मालकांनी कारखाना बंद करू किंवा हलवू अशी धमकी दिलेली दिसली. प्रत्यक्षात हलवणारे त्यामानाने थोडे. आपल्या दुसऱ्या वाक्यामागे हे सगळं उभं आहे.

गिरणगावातल्या घरांतून आलेल्या मुलांना हे समजवावं लागत नाही. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तरी कापड बाजारात येत राहिलं, भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवरून. हे जागतिकीकरण नव्हे. १९९१ चं उदारीकरण अजून नऊ वर्षं लांब होतं आणि काम देशाबाहेर नाही, खाडीपलीकडे गेलं. पण यंत्र हलतं आणि चाळ हलत नाही, हे समजायला एवढं पुरतं. फक्त हे उदाहरण डोक्यात ठेवा, उत्तरपत्रिकेत नको. उताऱ्यात नसलेली गोष्ट उत्तरात आली की गुण गेले.

तिसरं भांडण बांगलादेशाचं, आणि ते सर्वांत नाजूक. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावर इथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि ११०० हून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरच्या बँकेने आपल्या लोकांना येऊ नका म्हणून सांगितलं. वरच्या मजल्यांवर शिवणकाम करणाऱ्यांना मात्र कामावर बोलावलं गेलं. हे वाचल्यावर 'एस्केप फ्रॉम समथिंग वर्स' म्हणणाऱ्याचा राग येतो. यावा. पण नायला कबीर यांच्यासारख्या अभ्यासकांनी ढाक्यातल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांशी बोलून दाखवलं, की त्या या कामाला आल्या त्यामागे त्यांचा स्वतःचा विचार होता आणि हातात पगार आल्याने घरातल्या त्यांच्या स्थानात फरक पडत होता. चांगला उतारा या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात ठेवतो. 'हाउएव्हर हार्श' हे दोन शब्द तेवढ्यासाठी आहेत. ते गाळून वाचलंत तर लेखिका कारखानदारांची वकील वाटेल.

'विच वर्कर्स, व्हेअर' यामागे ब्रँको मिलानोविच आणि क्रिस्टोफ लाकनर या अर्थशास्त्रज्ञांचा हत्तीच्या आकाराचा आलेख आहे. १९८८ ते २००८ या काळात जगाच्या मधल्या थरातल्या लोकांची, म्हणजे मुख्यतः आशियातल्यांची, मिळकत चांगली वाढली. ती हत्तीची पाठ. अगदी वरच्या एक टक्क्याचीही वाढली, ती वर उचललेली सोंड. या दोहोंच्या मधे, श्रीमंत देशांतल्या कनिष्ठ मध्यमवर्गाची जवळपास जिथल्या तिथे राहिली. आलेख एकदा स्वतः हाताने काढून बघा, चौथं वाक्य आपोआप उघडतं.

राहिलं 'अंडर व्हॉट रूल्स'. १९९५ ला जागतिक व्यापार संघटना सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी सिंगापूरच्या परिषदेत वाद पेटला: व्यापाराच्या करारांत कामगारांच्या हक्कांच्या अटी घालायच्या का? भारतासह बऱ्याच विकसनशील देशांनी विरोध केला. कामगारांचा कळवळा दाखवून आमचा माल अडवायचा हा डाव आहे, असं त्यांचं म्हणणं. शेवटी तो विषय आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेकडे सोपवला गेला. 'सोशल क्लॉज' किंवा 'प्रोटेक्शनिझम इन डिस्गाइज' असे शब्द आले की हा वाद समजायचा.

६. फसवे शब्द

सगळे देत नाही, जे हमखास पाडतात तेवढेच.

'फ्लेक्सिबिलिटी' ऐकायला गोड, अर्थ मात्र माणसं सहज ठेवता आणि काढता येणं. त्याच्या उलट 'रिजिडिटी'. भारताबद्दलच्या उताऱ्यात हा शब्द आला की रोख बहुतेक वेळा औद्योगिक विवाद कायद्यातल्या त्या तरतुदीवर असतो, जिच्यामुळे १०० किंवा जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कामगारकपातीआधी सरकारची परवानगी घ्यावी लागे. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ही मर्यादा ३०० वर नेली.

'रॅशनलायझेशन' म्हणजे बहुधा कपातच. 'रिअल वेजेस' म्हणजे महागाई वजा करून उरणारी मजुरी. पगार वाढूनही रिअल वेजेस घटू शकतात आणि यावर प्रश्न येतोच. ब्रिटिश उताऱ्यात 'लेबर'चं पहिलं अक्षर मोठं असेल तर तो मजूर पक्ष. 'क्वालिफाय अ क्लेम' म्हणजे दाव्याला मर्यादा घालणं, पात्रतेशी त्याचा संबंध नाही.

७. आता प्रश्न

प्रश्न असा समजा: लेखिकेचं मत कोणतं?

(अ) जागतिकीकरणाने कामगारांचं नुकसान होत नाही.
(ब) कंपन्या कारखाने हलवतात, म्हणून मजुरी घटते.
(क) परिणाम कोणत्या कामगारांवर, कुठे आणि कोणत्या नियमांखाली, त्यानुसार बदलतो.
(ड) निर्यातीच्या कारखान्यांत कामाची परिस्थिती चांगली असते.

बहुतेक जण (ब) वर जातात, कारण तो खरा वाटतो. पण उताऱ्यात हलवायची गरजच नाही असं म्हटलंय, आणि ते मतही 'म्हणे'च्या सावलीतलं. (अ) वर जाणाऱ्यांनी 'नॉट व्हेदर' अर्धवट वाचलेलं असतं. लेखिका नुकसान नाकारत नाही, प्रश्न बदलून मागते. (ड) ला 'हार्श' आडवा येतो. उत्तर (क).

डाव्या चळवळीत वाढलेली मुलं इथे एका बाजूला घसरतात आणि शेअर बाजारात रमलेली दुसऱ्या. तुमचं मत बरोबर असेलही, पण प्रश्न उताऱ्याबद्दल आहे. ऑल, ओन्ली, नेव्हर असे टोकाचे शब्द असलेला पर्याय निवडण्याआधी उताऱ्यात तितकंच टोकाचं वाक्य बोटाने दाखवता येतं का ते बघा.

८. गोषवारा: आधी मराठीत

सक्तीच्या इंग्रजी पेपरात उताऱ्याचा एक तृतीयांश शब्दांत गोषवारा लिहायचा असतो. थेट इंग्रजीत सुरू केलं की मूळची वाक्यं उचलली जातात. आधी मराठीत तोंडी सांगा, शेजारच्याला सांगतो तसं: "पैसा हलतो म्हणून कामगार दुबळे झाले म्हणे, कधी कधी नुसत्या धमकीनेही. पण काहींची त्यातून सुटकाही झाली. तेव्हा नुकसान कोणाचं, कुठे आणि कोणत्या नियमांमुळे, ते विचारा."

मग इंग्रजीत. आपला उतारा ७५ शब्दांचा आहे, म्हणजे २५ च्या आसपास हवेत: "मोबाइल कॅपिटल अलेजेडली वीकन्स लेबर, परहॅप्स बाय थ्रेट अलोन. बट सम वर्कर्स एस्केप्ड वर्स. द क्वेश्चन इज विच वर्कर्स सफर, व्हेअर, अंडर व्हॉट रूल्स." हे २४ झाले. 'अलेजेडली'ने म्हणे सांभाळलं, 'परहॅप्स'ने मे सांभाळलं. शब्द कापायची वेळ आली की मुलं सगळ्यात आधी हेच दोन कापतात. ते ठेवा, विशेषणं कापा. खाली कंसात शब्दसंख्या लिहा आणि शीर्षक मागितलं असेल तर चार-पाच शब्दांत उरका.